गिरवणे

आजी पाटीवर वळणदार ‘श्री’ काढून द्यायची आणि मी त्यावरून पेन्सिल फिरवायची. दहा वेळा, वीस वेळा. पेन्सिल त्याच रेघेवरून गेली पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. रेघ जाड होत जायची, आणि जिथे माझा हात हलला असेल तिथे ‘श्री’ला एक जास्तीचा काठ फुटायचा. आजीचं बोट नेमकं तिथे टेकायचं. बाकीच्या अक्षराकडे ती बघायचीसुद्धा नाही.

मागच्या आठवड्यात दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले, तेव्हा ते बोट आठवलं. शाळेत नकाशा उतरवून घ्यायचो, तसेच धरले होते. दोन्ही कागदांवर एकेक वेडीवाकडी रेघ. एकाच क्वेसारचा वर्णपट, म्हणजे कोणत्या रंगाचा प्रकाश किती ते दाखवणारी रेघ, दोन वेगवेगळ्या काळांत घेतलेला. एक न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटवरून, स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेच्या अडीच मीटर दुर्बिणीतून. दुसरा त्यानंतर काही वर्षांनी, आपल्या गिरवलीच्या दोन मीटर दुर्बिणीतून. पुण्याहून ऐंशीएक किलोमीटरवर, नाशिक रस्त्यापासून आत शिरलं की डोंगरावर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची ही वेधशाळा आहे. २००६ साली ती सुरू झाली. गावाच्या नावात मला तरी गिरवणंच ऐकू येतं.

दोन रेघा बहुतेक ठिकाणी एकमेकींवर बसत होत्या. मग एका जागी पहिल्या कागदावर मोठा खळगा आणि दुसऱ्यावर सपाट माळ. आणि त्याच्या थोडं डावीकडे बरोबर उलटं: पहिल्यावर सपाट, दुसऱ्यावर खळगा.

या क्वेसारला नाव असं नाही, पत्ता आहे: एसडीएसएस जे १३३३+००१२. आकाशातली त्याची जागाच त्याच्या नावात लिहिलेली. ती जागा कन्या राशीत येते. चित्रा नक्षत्राचा ठळक पांढरा तारा ओळखीचा असेल, तर त्याच्या उत्तरेला हात पसरून वीतभर अंतराच्या निम्म्याने सरकायचं. तिथे झीटा हा कन्येतला मध्यम तेजाचा तारा दिसतो, आणि मधे पौर्णिमेचे दोन चंद्रही शेजारी शेजारी मावणार नाहीत, इतका त्याच्याजवळ आपला क्वेसार आहे. अर्थात तो दिसत नाही. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अंधुकातल्या अंधुक ताऱ्याहूनही तो हजारो पटींनी मंद आहे. पण जागा माहीत असली की तिकडे बघावंसं वाटतं. चैत्रात ही जागा मध्यरात्री डोक्याच्या जवळपास येते. ज्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र चित्रेपाशी असतो तो चैत्र, हे आईने शिकवलं होतं. त्या महिन्याच्या आकाशातच इतका लांबचा दिवा टांगलेला असेल, हे तिला तेव्हा कुठून ठाऊक असणार.

किती लांबचा? त्याची ताम्रसृती सुमारे ०.९२ आहे. तिथून निघालेली प्रत्येक प्रकाशलहर वाटेत विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन इथे पोचेपर्यंत जवळजवळ दुप्पट लांब झालेली असते. हा प्रवास सातशे कोटींहून अधिक वर्षांचा. सूर्याचं वय चारशेसाठ कोटी वर्षं. म्हणजे तो प्रकाश निघाला तेव्हा ऊन नावाची गोष्टच आपल्या वाट्याला आलेली नव्हती.

या ताणण्याने आपल्यावर एक उपकार केलेला आहे. एक इलेक्ट्रॉन गमावलेलं मॅग्नेशियम २८० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टाकतं आणि तेवढाच प्रकाश शोषतं. हा अतिनील प्रकाश. आपल्याकडचा ओझोनचा थर तो जमिनीपर्यंत येऊ देत नाही. पण या क्वेसारचा तोच प्रकाश ताणला जाऊन ५३७ नॅनोमीटरवर, म्हणजे हिरव्या रंगात येतो, आणि मग डोंगरावरच्या दुर्बिणीला तो विनासायास मिळतो. मॅग्नेशियम झाडाच्या पानातल्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी बसलेलं असतं. ते तिथे आहे म्हणून पान हिरवं, असं सरळ नातं नाही जोडता येत. तरी वर्णपटाच्या हिरव्या भागात मॅग्नेशियमचा उंचवटा पाहताना खिडकीबाहेरच्या आंब्याकडे माझी नजर गेलीच.

आता खळग्यांकडे येते. पहिल्या कागदावरचा खळगा उंचवट्याच्या डावीकडे, निळसर बाजूला, साधारण ५०८ नॅनोमीटरपाशी. हे शोषण. क्वेसारच्या पोटात प्रचंड कृष्णविवर आहे. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू थेट आत पडत नाही. तो गरगरत तबकडीसारखा पसरतो, तापतो, आणि त्या तबकडीचं तेज भोवतालच्या अख्ख्या दीर्घिकेला झाकून टाकतं. हा आपला दिवा. दिव्याच्या आणि आपल्या मधे मॅग्नेशियम असलेला वायू आला, की तो आपल्या हक्काचा रंग त्या प्रकाशातून काढून घेतो. वायू स्थिर असता तर खळगा उंचवट्याच्याच जागी पडला असता. तो निळ्याकडे सरकलेला आहे, याचा अर्थ वायू दिव्यापासून निघून आपल्या दिशेने येतो आहे. किती सरकला त्यावरून वेग निघतो: सेकंदाला सतरा हजार किलोमीटर.

असं निळ्या बाजूला कातरलेलं रूप खगोलशास्त्रज्ञांच्या जुन्या ओळखीचं. १६०० साली विलेम ब्लाऊने हंस तारकासमूहात अचानक उजळलेला एक तारा पाहिला. त्याला पुढे पी सिग्नी म्हणू लागले. तो आपला वायू सतत बाहेर फेकत असतो, आणि त्याच्या वर्णपटात प्रत्येक उंचवट्याच्या निळ्या अंगाला अशीच खाच असते. १९६७ साली रॉजर लिंड्सला पीएचएल ५२०० या क्वेसारमध्ये तीच चाल दिसली, फक्त वेग भलताच. क्वेसार काय असतात हे कळूनच तेव्हा चार वर्षं झाली होती. फेब्रुवारी १९६३मध्ये मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३च्या वर्णपटातल्या अनोळखी रेषा म्हणजे ताणलेला हायड्रोजन आहे हे ओळखलं होतं. तो क्वेसारही कन्येतलाच. त्या राशीकडे बघण्याचं माझं हे आणखी एक निमित्त.

दर शंभर क्वेसारांतल्या दहा ते वीस जणांत असे रुंद खळगे दिसतात. बाकीच्यांत असा बाहेर वाहणारा वायू, म्हणजे वारा, नाहीच, की तो आपल्या वाटेवर नाही, यावर मतं आहेत. मला दुसरं म्हणणं जवळचं वाटतं. आपण फक्त एका बारीक भोकातून बघतो आहोत. दिवा ते आपला डोळा, एवढी एकच सरळ रेषा. त्या रेषेत जे आलं ते कळलं, शेजारून गेलं ते गेलं.

खळग्याची आणखी एक गोष्ट मनात घर करून आहे. हा वायू इतक्या जोरात धावतो कशाने? एक उत्तर असं, की प्रकाशानेच. प्रकाशाला वजन नाही, पण रेटा आहे. मॅग्नेशियमच्या किंवा कार्बनच्या अणूने एक प्रकाशकण गिळला की त्याला हलकासा धक्का बसतो. तो कण मग भलतीकडेच टाकला जातो, पण धक्का मात्र दिव्यापासून बाहेरच्या दिशेचा शिल्लक राहतो. असे अगणित धक्के. म्हणजे वर्णपटातून जो प्रकाश गायब झाला, त्यानेच वायूला पुढे लोटलं. खळगा ही त्या लोटण्याची पावती आहे. आपल्याकडे जो प्रकाश पोचला नाही तो वाया गेला असं मी आधी समजत होते. तो कामाला लागला होता.

एकच वर्णपट हातात असेल तर इथे थांबावं लागतं. वारा आहे, त्याचा वेग एवढा. तो दिव्यापासून किती दूर आहे हे कळत नाही. खळगा दिव्याला चिकटून पडला की हजार प्रकाशवर्षांवर पडला, कागदावर तो सारखाच दिसतो. आणि अंतर कळल्याशिवाय वायू किती हे कळत नाही. लांबवर पसरलेला पातळ पडदा आणि जवळचा तेवढाच पातळ पडदा यांत मालाचा फरक फार मोठा. दुर्बिणीला क्वेसार हा एक ठिपका. त्यात डोकावून पाहण्याची सोय नाही.

म्हणून परत यायचं. तोच ठिपका, तेच रंग, पुन्हा एकदा.

स्लोनच्या त्या दिवसांतलं काम मला फार आवडतं. अॅल्युमिनियमच्या मोठ्या तबकड्या असत. आकाशातल्या निवडलेल्या जागांप्रमाणे प्रत्येकीत सहाशेचाळीस भोकं पाडलेली, आणि दिवसा माणसं त्या प्रत्येक भोकात प्रकाशतंतू हाताने खोचत. रात्री ती तबकडी दुर्बिणीला लावली की प्रत्येक तंतूत एकेका तेजोगोलाचा प्रकाश. सातशे कोटी वर्षांचा प्रवास करून आलेला उजेड शेवटी कुणाच्या तरी बोटांनी नीट बसवलेल्या केसासारख्या तंतूत शिरला. त्या सर्वेक्षणाने आकाशाचा पहिला कित्ता काढून दिला. तो गिरवायला मग जगभरचे लोक बसले.

गिरवलीत हे काम एम. विवेक आणि आयुकाचे रघुनाथन श्रीआनंद यांनी चालवलं. व्ही. सी. कुरियाकोस आणि कॅलटेकमधले आशिष महाबळ त्यांच्या सोबत होते. मॅग्नेशियमसारख्या कमी आयनीभूत वायूचे खळगे असलेले क्वेसार त्यांनी निवडले आणि त्यांच्याकडे ते हंगामामागून हंगाम परत जात राहिले. सह्याद्रीच्या डोंगरावर दुर्बीण चालवायची म्हणजे पावसाळ्याचे चार महिने आकाश मिटलेलं. कन्या रास वर असते ती हिवाळ्याच्या शेवटापासून मृग लागेपर्यंत. तेवढ्यात काय ते उरकायचं. दोन मीटरची दुर्बीण आज जगाच्या मानाने लहान गणली जाते. पण ती घरची आहे, तिच्यावर परत परत वेळ मिळतो, आणि या कामात परत परत मिळणारा वेळ हा आरशाच्या आकाराहून मोठा आहे असं मला ठामपणे वाटतं.

जे १३३३+००१२मध्ये त्यांना जे दिसलं ते त्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलं. सतरा हजारांच्या वेगाचा जुना खळगा गिरवलीच्या वर्णपटांत पूर्ण नाहीसा झाला होता. आणि नवा खळगा उघडला होता, आणखी निळ्याकडे, ४९० नॅनोमीटरच्या आसपास. त्याचा वेग सेकंदाला अठ्ठावीस हजार किलोमीटर. या वेगाने पृथ्वीवरून निघालेली वस्तू चौदा सेकंदांत चंद्राच्या पलीकडे जाईल. पुढच्या निरीक्षणांत या नव्या खळग्याची रुंदी बदलली, खोली बदलली, आणि त्यांच्या शेवटच्या वर्णपटात तोही जवळजवळ भरून आला होता.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पटकन मनाशी ठरवून टाकलं, की तोच वायू आहे, वेग वाढून पुढे गेला. प्रकाश रेटतोच आहे, मग वेग वाढणारच. पण नव्या खळग्यात मॅग्नेशियम जुन्याहून नेहमीच जास्त निघत होतं. तोच ढग पुढे पळाला असता तर त्यात मॅग्नेशियमची भर कुठून पडली? म्हणजे हा ढग वेगळा. मग जुना कुठे गेला?

इथे मेघनाद साहांची आठवण येते. १९२०मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की ताऱ्याच्या वर्णपटात एखाद्या मूलद्रव्याची रेषा नाही म्हणून ते मूलद्रव्य तिथे नाही असं होत नाही. अणूंनी किती इलेक्ट्रॉन गमावले आहेत यावर रेषा दिसणं न दिसणं अवलंबून असतं. ताऱ्यांत ते उष्णतेने होतं, क्वेसारच्या वाऱ्यात मुख्यतः दिव्याच्या प्रखर प्रारणाने. दिवा भडकला, मॅग्नेशियमने दुसराही इलेक्ट्रॉन गमावला, तर ते त्या रंगाला ओळखेनासं होतं. ढग जागच्या जागी आहे, वाराही तसाच आहे, आणि खळगा मात्र गेला. ही एक शक्यता.

दुसरी शक्यता अशी, की ढग आपल्या आणि दिव्याच्या मधून सरकून बाजूला गेला. घाटात पावसाळ्यात उभं राहिलं की समोरच्या डोंगरावर सर दिसते. ती खाली कोसळत असते आणि त्याच वेळी डोंगराच्या कडेने आडवी चालत असते. तिच्या मागचं गाव झाकतं आणि थोड्या वेळाने उघडतं. गाव उघडलं म्हणजे पाऊस संपला असं नव्हे. ती सर पलीकडच्या खोऱ्यात गेलेली असते, आणि मागून दुसरी निघालेली असते. या क्वेसारबाबत विवेक आणि त्यांचे सहकारी याच बाजूला झुकले: आयनीभवनातल्या बदलाने हे घडलं असेल असं दिसत नाही, वाऱ्याच्या अनेक धारा आहेत आणि त्या एकामागून एक आपल्या दृष्टिरेषेतून आडव्या जात आहेत. क्वेसारचं एकूण तेज आणि नव्या खळग्यातलं मॅग्नेशियम यांच्या चढउतारात नातं असावं अशीही खूण त्यांना दिसली. तबकडीतच काही खळबळ होऊन हा वायू सुटला असेल, किंवा त्याच्याबरोबरच्या धुळीने दिवा थोडा झाकोळला असेल.

ढग आडवा गेला असेल तर एक मोठी गोष्ट हाताला लागते. समजा, दिव्याचा झाकला जाणारा भाग एवढा रुंद आहे की प्रकाशाला तो ओलांडायला पाच दिवस लागतील, आणि ढगाने तो दीड वर्षात ओलांडला. मग ढगाचा आडवा वेग सेकंदाला सुमारे दोन हजार सातशे किलोमीटर आला. कृष्णविवराभोवती एवढ्या वेगाने फिरणारी वस्तू किती अंतरावर असायला हवी हे केप्लरपासून ठाऊक असलेलं गणित सांगतं. म्हणजे ज्या ठिपक्यात कुठलीही दुर्बीण डोकावू शकत नाही, त्यातलं अंतर कॅलेंडर बघून काढता येतं. फक्त एक सांभाळायचं, कॅलेंडर तिथलं धरायचं. प्रकाशलहरींसारखाच काळही ताणला जातो. या क्वेसारमध्ये पाच वर्षांत जे घडतं ते आपल्याला साडेनऊ वर्षांहून जास्त वेळ घडताना दिसतं.

सगळे क्वेसार मात्र या एका म्हणण्यात बसत नाहीत. २०१२मध्येच फिलिझ अक आणि सहकाऱ्यांनी स्लोनच्या ५८२ क्वेसारांचे जुने-नवे वर्णपट ताडून पाहिले. त्यांतल्या १९ क्वेसारांत मिळून कार्बनचे २१ खळगे एक ते चार वर्षांच्या आत, तेही तिथल्या कॅलेंडरने, पुसले गेले होते. यावरून त्यांनी अदमास काढला, की आपल्या दृष्टिरेषेत एक खळगा सरासरी शतकभर टिकतो. आणि एकाच क्वेसारमधले, वेगात एकमेकांपासून सेकंदाला हजारो किलोमीटरांनी वेगळे असलेले खळगे बरेचदा जोडीने बदलताना दिसतात. दूरदूरच्या धारा एकाच वेळी बाजूला सरकल्या असं मानणं अवघड आहे. तिथे दिव्यानेच एकदम सगळ्यांचे इलेक्ट्रॉन हिरावले असणं जास्त पटतं. मला वाटतं दोन्ही खरं आहे, आणि कुठे कोणतं खरं हे त्या त्या क्वेसारकडे परत जाऊनच कळणार.

हे अंतर काढण्यासाठी इतकी खटपट का, तर त्यावर दीर्घिकांचं भवितव्य ठरतं. दीर्घिकेच्या मधल्या फुगवट्यातले तारे किती आणि तिच्या पोटातलं कृष्णविवर किती जड, यांचा मेळ जमतो. खरं म्हणजे जमायचं काही कारण नाही. कृष्णविवर त्या पसाऱ्यात तिळाएवढं. तरी दोघं एकमेकांच्या मापाने वाढल्यासारखी दिसतात. कृष्णविवराकडून निघालेला वारा दीर्घिकेतला वायू झाडून नेत असेल, नवे तारे घडायचा माल कमी करत असेल आणि त्याच ओघात स्वतःच्या दिव्याचं तेलही तोडत असेल, तर हा मेळ समजतो. पण त्यासाठी वाऱ्यात पुरेसा जोर हवा. जोर म्हणजे वेग आणि माल. वेग खळगा सांगतो. मालासाठी अंतर लागतं.

गिरवलीची दुर्बीण जिची, ती आयुका १९८८ साली जयंत नारळीकरांनी उभी केली. क्वेसारची ताम्रसृती सगळीच विश्वाच्या प्रसरणाची असते का, याबद्दल त्यांनी फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज आणि हॅल्टन आर्प यांच्यासारखी शंका उघडपणे मांडली होती. बहुतेकांनी ती स्वीकारली नाही, आणि मी वर जे अंतर लिहिलं ते बहुमताचं आहे. पण त्यांनीच उभ्या केलेल्या संस्थेत ज्याला जे मोजावंसं वाटलं ते त्याने मोजलं, याचा मला मराठी वाचक म्हणून फार आनंद आहे. मे २०२५मध्ये ते गेले तेव्हा मी त्यांच्या विज्ञानकथा नव्हे, हे दोन वर्णपट काढून बसले होते. त्यांची आठवण काढायची ती एक पद्धत वाटली.

रात्री आईला गच्चीवर नेलं. चित्रा वर आली होती. झीटा शोधायला वेळ लागला, शहराच्या उजेडात ती मिणमिणतीच दिसली. तिच्याशेजारच्या अंधारात बोट दाखवून मी आईला खळगे, ढग, अठ्ठावीस हजार, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“आणि आता काय आहे तिथे?” तिने विचारलं. “नवा खळगा आहे की नाही?”

मी म्हटलं, “पुढच्या चैत्रात कुणी दुर्बीण लावली तर कळेल.”

“म्हणजे तोवर घडायचंय ते?”

घडून गेलं आहे, आई. पुढच्या चैत्रात जो प्रकाश येईल तो तिथून सूर्याच्याही आधी निघाला आहे. सगळी वाट संपवून या घटकेला तो आपल्यापासून साडेनऊ लाख कोटी किलोमीटरांवर आहे, एका वर्षाच्या अंतरावर, आणि येतो आहे. खाच असेल तर खाचेसकट, नसेल तर सलग.